अनुभव धागा : आपल्या भागात टिकलेल्या हिरव्या युक्त्या सांगा

नमस्कार मंडळी. मोबाईलवर रोज कुठली ना कुठली इको-फ्रेंडली आयडिया येऊन पडते, बघायला भारी वाटते, पण आपल्या बेळगाव जिल्ह्यात एका टोकाला कणकुंबीत पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि दुसऱ्या टोकाला अथणीत पावसाची वाट बघून डोळे शिणतात, मग एका गावात जमलेलं दुसऱ्या गावात जमेलच असं कसं सांगणार? म्हणून स्वतः करून बघितलेलं आणि टिकलेलं तेवढंच लिहा. सामान काय लागलं, पावसाळ्यात काय होतंय, हे आवर्जून सांगा. फॉरवर्ड नकोत.

सुरुवात मी करते. आमच्या वडगावात मागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी पण ट्यूब लावल्याशिवाय तुटलेला धागा दिसत नाही. ब्राझीलच्या अल्फ्रेडो मोझेर नावाच्या मेकॅनिकनं २००२ च्या सुमारास काढलेली बाटलीची युक्ती आम्ही केली. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, स्वच्छ पाणी, त्यात दोन टोपणं ब्लीच म्हणजे शेवाळ धरत नाही. पत्र्याला गोल भोक पाडून बाटली थोडी वर आणि बाकीची आत लटकती ठेवायची, कडेनं सिलिकॉन भरायचं. वरचं ऊन पाण्यातून वाकून चारी बाजूला पसरतंय आणि ४० ते ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड पडतोय. आता ढग नसले की दिवसा ट्यूब बंदच. सिलिकॉन मात्र दर वर्षी मृगाच्या आधी तपासायचं, आपल्याकडचा पाऊस आडवा येतो.

खानापूरवाला : ताई, कौलारू घरात बाटलीची गरज नाही. आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर आजोबांच्या वेळेपासून काचेचं कौल आहे, मंगलोरी कौलाच्याच मापाचं, एक कौल काढायचं ते बसवायचं, झालं. अजून मिळतंय, जुन्या कौलाच्या वखारीत विचारा.

अथणीकर : आमच्याकडं उन्हाळ्यात भाजी संध्याकाळपर्यंत सुकून जाते. बायकोनं एका मोठ्या माठात लहान माठ ठेवून मधल्या फटीत वाळू भरली, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी आणि तोंडावर ओलं पोतं. कोथिंबीर, मिरची, वांगी, दोडका, सगळं तीन-चार दिवस ताजं राहतंय. पाणी माठातून झिरपून हवेत उडताना आतली उष्णता घेऊन जातं, एवढंच त्याचं गणित. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा यांनी हीच रचना तिथल्या शेतकऱ्यांपर्यंत पोचवली आणि गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी मातीचा फ्रिज काढला तो पण ह्याच तत्त्वावर. माठ आतून-बाहेरून बिनरंगाचा घ्या, ऑइल पेंट दिलेला शोभेचा माठ झिरपतच नाही. आणि सावलीत पण वारं लागेल तिथं ठेवा, बंद खोलीत उपयोग नाही.

नंदगडची : हे आमच्याकडं मार्च-एप्रिलमध्ये चालतं, जूनपासून अजिबात नाही. हवाच ओली, मग माठातलं पाणी उडणार कुठं? उलट वाळूला बुरशी येते. पावसाळ्यात माठ काढून वाळू उन्हात वाळवून पोत्यात भरून ठेवतोय.

येळ्ळूरकर : जत्रेबद्दल लिहायचंच होतं. आमच्या भागात गावची लक्ष्मी यात्रा म्हणजे प्रत्येक घरात पै-पाहुणे, मित्रमंडळी, जेवणावळी उठतच नाहीत. पूर्वी दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठाला थर्माकोलच्या ताटांचा ढीग, गुरं त्यात तोंड घालायची, बघवत नव्हतं. १ जुलै २०२२ पासून थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटं-वाट्या-चमच्यांवर देशभर बंदी आली, तरी दुकानात कोपऱ्यात मिळतच होतं. शेवटी आमच्या बहिणीच्या बचत गटानं भांड्यांची बँक काढली. ज्यांच्या घरी लग्न-बारसं झालं त्यांनी अहेराऐवजी स्टीलची ताटं दिली, प्रत्येक ताटाच्या काठावर गटाचं नाव मशीननं कोरून घेतलं म्हणजे दुसऱ्या घरच्यात मिसळलं तरी ओळखू येतंय. नेताना मोजून न्यायचं, आणताना मोजून, हरवलं तर बाजारभावानं भरायचं.

धुण्याचं काय, हा प्रश्न सगळ्या बायका पहिला विचारतात आणि बरोबरच आहे. तीन घमेली मांडायची. पहिल्यात नुसतं उष्टं झाडायचं, ते गोठ्यात जातंय. दुसऱ्यात राख आणि नारळाची शेंडी, तिसऱ्यात गरम पाणी. आणि गटाची एक अट मला फार आवडते, ताटं धुवायला घरातल्या पुरुषांनी पण बसायचं, नाहीतर ताटं मिळणार नाहीत. मी स्वतः बसलोय, काही कमीपणा वाटला नाही.

चिकोडीचा शेतकरी : माझा विषय पाचट, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात राहणारी वाळकी पानं. आमच्या पट्ट्यात ऊस तुटला की संध्याकाळी काडी लावायची ही रीतच पडलीय, धूर पार हायवेवर येतोय. पण एका एकरात ३ ते ४ टन पाचट निघतं आणि त्यात नत्र अर्धा टक्का, पालाश टक्क्याच्या आसपास, शिवाय सेंद्रिय कर्ब वेगळा. म्हणजे आपण पैसे मोजून आणलेलं खतच जाळतोय की! मी खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटणाऱ्या पिकाला, पाचट सरीत पसरतो. आधी बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटून घ्यायचे, नाहीतर फुटवे वरून येतात आणि वाऱ्याला लोळतात. मग टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवायचं कल्चर शेणकाल्यात मिसळून टाकायचं आणि लगेच पाणी द्यायचं. बुडख्यावर पाचट राहू द्यायचं नाही, कोंब उजेडाला यायला पाहिजे.

पहिल्या वर्षी वडिलांना पटलं नव्हतं, रान घाण दिसतंय म्हणायचे. मग मे महिन्यात पाचटाखाली हात घालून बघितलं त्यांनी, माती गार आणि ओली, मुठीत धरली की गोळा होणारी, आणि शेजारच्या जाळलेल्या रानात भेगा. त्या दिवसापासून गावात तेच सगळ्यांना सांगत सुटलेत. तण कमी, पाण्याची पाळी लांबते. भीती एकच, शेजाऱ्यानं आग लावली की आपल्यात शिरते, म्हणून बांधालगतच्या दोन सऱ्या मोकळ्या सोडायच्या आणि ओल्या ठेवायच्या.

शहापूरची : गणपतीचं सांगते. आम्ही शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जन करतो, माती वाळवून, कुटून पुढच्या वर्षी मुलं त्याचाच गणपती करतात. पण कुणाकडं प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आलीच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं काढलेली पद्धत आहे, अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीवाले वापरतात तोच, पाण्यात घालून त्यात मूर्ती बुडवायची. अधूनमधून ढवळलं की लहान मूर्ती दोन दिवसांत विरघळते, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं म्हणजे झाडांचं खत, आणि खाली खडूसारखा गाळ, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बसतो. वास उग्र येतो, उघड्यावरच करा. खताचं पाणी भरपूर पातळ करून घाला, कुंडीत तसंच ओतू नका.

निपाणीकर : संत्र्या-मोसंबीच्या सालीचं क्लीनर कुणी करतंय का? गूळ एक भाग, साली तीन, पाणी दहा, तीन महिने प्लॅस्टिकच्या बरणीत. गुऱ्हाळाजवळ राहतो त्यामुळं काळा गूळ स्वस्त पडतोय. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, काचेची बाटली वापरू नका, फुटते. फरशीला झकास.

हिंदवाडीकर : आमचं पाण्याचं. हजार स्क्वेअर फुटाच्या टेरेसवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ९० लिटर पाणी जमतंय आणि बेळगावात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतोय, म्हणजे वाया गेलेलं सोडून पण ८० हजार लिटरच्या वर. एवढं सगळं गटारीला आणि एप्रिलमध्ये आपण टँकरची वाट बघणार! आम्ही बोअरच्या केसिंगभोवती, म्हणजे बोअरला बसवलेल्या पाइपाभोवती, खड्डा काढला, केसिंगला बारीक भोकं पाडून नायलॉनची जाळी गुंडाळली, खाली मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी व्हॉल्व्ह फिरवून बाहेर सोडायचं, त्यात टेरेसची सगळी धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. वाळूचा वरचा थर दर उन्हाळ्यात काढून धुवायला लागतोय, तो कंटाळा केला की पाणी वरच तुंबतं. आता शेजारची घरं पण पाइप जोडू म्हणताहेत, पण त्यांच्या टेरेसवर कुत्री असतात आणि कपडे धुतात, साबणाचं पाणी बोअरमध्ये जाऊन चालणार नाही. कुणी चार घरांचा मिळून एकच खड्डा केला असेल तर फिल्टर कसा ठेवला ते प्लीज सविस्तर लिहा, काम मे महिन्यात काढायचंय.