नवीन बोट ताब्यात घेण्याआधी काय काय बघायचं? (गंगापूर बॅकवॉटर)

बॅकवॉटरवाला
नमस्कार मंडळी. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आमचं छोटं कृषी पर्यटन आहे, परवानग्यांचं सगळं उरकलंय, आता १८ फुटी फायबरची बोट घेतोय, ६० एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेरून लटकवायचं इंजिन), ६ पाहुणे आणि चालवणारा एक. बिल्डर खाली समुद्राकडचा, शनिवारी ट्रेलरवर टाकून कसारा घाटातून आणून देणार. १० टक्के पेमेंट बाकी आहे, तो म्हणतो बोट उतरवली की सही करा आणि उरलेले द्या, समुद्रात ट्रायल झालीये व्हिडिओ पाठवतो. ट्रॅक्टर घेताना काय बघायचं ते झोपेतसुद्धा सांगेन पण बोटीतलं ओ की ठो कळत नाही. काय बघू?

आउटबोर्ड_मिस्त्री
भाऊ, सही बोट पाण्यात फिरून परत आल्यावर. तोवर पेन खिशात. आणि तो व्हिडिओ त्याच्याकडेच राहू दे.

ट्रेलरवर असतानाच अर्धी तपासणी होते. इंजिनच्या ब्रॅकेटवरचा सिरियल नंबर बिलाशी आणि वॉरंटी कार्डाशी जुळव. मग स्क्रू ड्रायव्हरची मूठ घे आणि मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं ती, सगळीकडून ठोकून बघ. नवीन घरात फरशी पोकळ बसली की कशी वाजते माहितीये ना, तसा भद्द आवाज आला की तिथे आत थर सुटलाय. कोपऱ्यांत आणि बोल्टच्या आजूबाजूला केसासारख्या चिरा बघ, घाटातले खड्डे खाऊन येणारे ती. ड्रेन प्लग, म्हणजे बोटीतलं पाणी सोडायचं बूच, लावून आत दोनचार बादल्या पाणी ओत आणि खालून कोरड्या हाताने चाचपत जा, कुठे पाझरतंय ते लगेच कळतं. मग प्लग काढून पाणी सोड, आणि पाण्यात उतरवताना प्लग परत लावायला विसरू नको, हसू नका, भलेभले विसरतात.

एक महत्त्वाचं, बाहेर कोरड्यात इंजिन 'फक्त आवाज ऐकायला' चालू करू देऊ नको. आत रबराचा पंखा असतो पाणी खेचणारा, पाण्याशिवाय थोड्या वेळात त्याचा चुरा होतो. पाण्यात चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार सलग पडली पाहिजे, धार नाही तर ताबडतोब बंद.

निवृत्त_खलाशी
मिस्त्रींनी छान सांगितलंय. मी एकच गोष्ट वाढवतो जी नाशिककरांच्या लक्षात येत नाही. ट्रायल झाली समुद्रसपाटीला आणि तुमची बोट चालणार साधारण ६०० मीटर उंचीवर. हवा विरळ, म्हणून दर ३०० मीटरला अंदाजे ३ टक्के ताकद जाते, म्हणजे इथे ६ टक्क्यांच्या आसपास गेलीच, त्यात गोड्या पाण्यात बोट खाऱ्यापेक्षा किंचित खोल बसते. समुद्रावर बरोबर चाललेला प्रोपेलर, म्हणजे बोट ढकलणारा बाहेरचा पंखा, इथे जड पडू शकतो. तेव्हा पूर्ण वजन भरून पूर्ण थ्रॉटलला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती जातात ते बघा. अशा इंजिनांना बहुतेक ५००० ते ६००० दिलेले असतात, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. त्याच्या खाली राहिले तर पंख्याची पिच (एका फेऱ्यात तो जितके इंच पुढे सरकेल ते माप) कमी करून मागा, एक इंच पिच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. आत्ताच मागा, नंतर तो पंखा विकत घ्यावा लागेल.

वजनासाठी माणसं गोळा करत बसू नका. तुम्ही, मिस्त्री, आणि उरलेल्या पाचांच्या जागी ५० किलोच्या सात-आठ कांद्याच्या गोण्या, आपल्याकडे त्याची काय कमी.

सातपूरकर
खलाशी काका, नवीन इंजिन लगेच फुल्ल थ्रॉटलला?? माझ्या मॅन्युअलमध्ये पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या आत, पहिले १० तास जपून असं लिहिलंय.

निवृत्त_खलाशी
बरोबर पकडलंत. आधी तास मोजणारा मीटर बघा. बिल्डरने ट्रायल घेतलीय म्हणतो तर दोनेक तास दाखवले पाहिजेत, शून्य असेल तर व्हिडिओ दुसऱ्याच बोटीचा समजा. शून्य निघालं तर पहिले दोन तास हळूहळू चढवत न्या आणि मगच फुल्ल, तेही मिनिटभर, आकडा बघितला की खाली.

सातपूरकर
किल स्विचची दोरी खेचून बघा, इंजिन जागच्या जागी मेलं पाहिजे. गिअरमध्ये असताना स्टार्ट होता कामा नये. बोट घेतली तेव्हा मी हे काहीच बघितलं नव्हतं, बिल्डरने चहा पाजला, हार घातला, फोटो काढला आणि मी सही केली 😅 पेट्रोलच्या टाकीत फायबरचा भुगा निघाला, तिसऱ्या दिवशी पाण्याच्या मधोमध बंद, दोन तास वल्ही मारली. त्यामुळे फिल्टर उघडून बघाच. आणि इंजिन चालू असताना पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग येतो का बघा, आपण पितो ते पाणी आहे राव.

बॅकवॉटरवाला
अपडेट देतो, शनिवारी झालं सगळं. बिल्डरचा माणूस आधी कुरकुरला, गोण्या बघून तर हसायलाच लागला. मीटरवर ३ तास होते. वजन भरून फुल्ल थ्रॉटलला ४७०० च्या वर काटा जाईना, मग त्याचं हसू गेलं. मंगळवारी १३ ऐवजी ११ पिचचा पंखा पाठवला, आता ५१०० दाखवतोय. ठोकून सगळीकडे टणक आवाज आला, पाझर नाही. बिल्ज पंप (तळात साठलेलं पाणी उपसणारा) मात्र बटणाने चालत होता पण फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा तरंगता स्विच, वर उचलला तर ढिम्म, वायर जोडलीच नव्हती! ती जागेवर जोडून घेतली. डिलिव्हरीच्या कागदावर दोन्ही गोष्टी पेनाने लिहून त्याची सही घेतली आणि पैसे काल दिले.

खलाशी काका, ११ चा पंखा काठावरच पास झालाय, १० मागू का? आणि एक गोणी भिजली, ती कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, आजच्या आज.