शब्दचर्चा : 'स्टाइलशीट'ला शैलीपत्रक म्हणावं का?

प्रश्न

वेब डिझाइन शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे. 'स्टाइलशीट'साठी, म्हणजे पान कसं दिसावं हे जिथे लिहितात त्या फाइलसाठी, 'शैलीपत्रक' हा शब्द वाचनात आला. 'शैली' म्हटलं की मला लेखनशैली, गायनशैली आठवते, म्हणजे एखाद्याची स्वतःची धाटणी. वर्गात सीएसएसची (कॅस्केडिंग स्टाइल शीट्स, म्हणजे स्टाइलशीट लिहायची भाषा) ओळख 'पान सजवायची भाषा' अशी करून दिली. मग शैलीपत्रक म्हणजे सजावटीचा कागद समजायचा का? आणि 'कॅस्केडिंग'ला काय म्हणायचं?

उत्तर १

ताई, 'शैली' क्षणभर बाजूला ठेवा आणि 'पत्रक' बघा. वेळापत्रक, गुणपत्रक, अंदाजपत्रक. एके जागी मांडलेल्या नोंदी, आणि बाकीचा कारभार त्यांच्या आधाराने चाललेला. 'स्टाइलशीट' हा शब्द वेबच्या आधीपासून छपाई-संपादनात आहे. पुस्तक छापायला घेतलं की उपशीर्षक किती पॉइंटात, आकडे देवनागरी की रोमन, अवतरण कितपत आत सरकवायचं, हे एका कागदावर ठरतं आणि मुद्रितशोधक त्यावरून प्रुफं तपासतो. त्यात सजावट फार थोडी, ठराव जास्त. म्हणून 'सजवायची भाषा' ही ओळख मला पटत नाही. ती ऐकून नवशिका सीएसएसला शेवटचा हात समजतो आणि आधी सगळं एचटीएमएलमध्येच (पानाचा मजकूर आणि त्याची रचना लिहायची भाषा) कोंबतो.

वेबवर एके काळी तसंच होतं. रंग हवा, अक्षर मोठं हवं, की मजकुरातच 'फॉन्ट' टॅग, म्हणजे अक्षराचं रूप सांगणारी खूण. समजा दिवाळी अंकाची साठ पानं आहेत आणि प्रत्येक कवितेचं शीर्षक लाल आहे. संपादकांनी ते निळं करायला सांगितलं, तर साठही पानं उघडायची. पत्रक वेगळं असेल तर एक ओळ बदलायची. होकुन व्हिउम ली यांनी सर्न या अणुसंशोधन संस्थेत असताना ऑक्टोबर १९९४मध्ये ही कल्पना मांडली, पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस झाली. वर्षभराने एचटीएमएल ४ने 'फॉन्ट' टॅग टाळायला सांगितलं.

'शैलीपत्रक' चालेल. मला 'नियमपत्रक' जास्त नेमकं वाटतं, पण ते कशाचे नियम हे त्यातून कळत नाही.

उत्तर २

मराठी पानं करणाऱ्याला या पत्रकाची किंमत फार लवकर कळते. बहुतेक तयार साचे रोमन अक्षरांसाठी बेतलेले असतात. लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.२ असलेल्या साच्यात मराठी परिच्छेद टाकून बघा. वरच्या ओळीतल्या 'कृपा', 'पूर्व'चे उकार-ऋकार आणि खालच्या ओळीतल्या 'कीर्ती'चा रफार-वेलांटी एकमेकांना भिडायला लागतात. १.६-१.७ केलं की ओळी श्वास घेतात. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असेल तर आणखी वाईट: शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरं होतात. मराठी मजकुरासाठी ते शून्यच हवं. तिरप्या अक्षरांचंही तेच. देवनागरीत ती परंपरा नाही, जोर द्यायचा तर ठळक करावं.

हे सगळं पत्रकात 'लँग' सिलेक्टरखाली (ठरावीक भाषेच्या मजकुरालाच नियम लावायची सोय) एकदाच लिहिता येतं. त्यासाठी एचटीएमएलमध्ये भाषेचा संकेत 'एमआर' असा दिलेला हवा. त्याचा आणखी एक फायदा आहे. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्या संकेतावरून 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता मराठी वळणाचे येतात. हा मजकूर मराठी आहे, हे एचटीएमएलनं सांगायचं; तो कसा दिसावा, हे पत्रकानं. ही वाटणी एकदा डोक्यात बसली की पुढचं शिकणं सोपं जातं.

प्रश्नकर्ती

धन्यवाद! 'पत्रक' आता लख्ख कळलं. 'कॅस्केडिंग'साठी 'उतरंड' कसा वाटतो?

उत्तर १

शब्द देखणा आहे, पण मडक्यांची उतरंड एकदा रचली की जागा ठरून जातात. इथे तसं नाही. एकाच शीर्षकाबद्दल ब्राउझर, वाचक आणि पान करणारा अशा तिघांचे नियम असू शकतात. सहसा पान करणाऱ्याचा नियम लागू होतो. पण पान करणारा आणि वाचक या दोघांनीही आपल्या नियमाला 'इम्पॉर्टंट' ही महत्त्वाची खूण लावली तर वाचकाचा वरचढ ठरतो. अधू नजरेच्या माणसाला मोठं अक्षर हवं असेल तर त्याचा शब्द शेवटचा. १९९४च्या मूळ प्रस्तावात तर कोणाचं म्हणणं किती टक्के मानायचं, हेही लिहायची सोय होती! एकाच पत्रकात दोन नियम भिडले तर जास्त नेमका जिंकतो, आणि तिथेही बरोबरी झाली तर नंतर लिहिलेला.

'कॅस्केडिंग'ला 'प्रपाती', म्हणजे धबधब्यासारखं, म्हटलं तर तो शब्दशः अर्थ झाला, त्यातून यातलं काहीच कळत नाही. मी शिकवताना 'अग्रक्रम' वापरतो. 'इनहेरिटन्स', म्हणजे बाहेरच्या घटकाचे गुण आतल्या घटकाला मिळणं, वेगळं, त्याला 'वारसा' अगदी चपखल आहे: अक्षराचा रंग आईकडून लेकराकडे जातो, चौकट जात नाही.

उत्तर २

'अग्रक्रम'ला माझं अनुमोदन. मात्र नाव म्हणून 'सीएसएस'च राहू द्या, कामाच्या ठिकाणी सगळे तेच म्हणतात.