ग्राफिक नॉव्हेल वाचलं तर ते वाचन धरायचं का? (मुलगा वय ११, बडोदा)

मांडवीची सून:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. मुलगा सहावीत, शाळा इंग्लिश, घरी मराठी, खाली पार्किंगमध्ये गुजराती. शाळेच्या लायब्ररीतून एक जाडजूड ग्राफिक नॉव्हेल घेऊन आलाय. अमेरिकेतली शाळा, चार मित्रमैत्रिणी, सगळे मिळून एकच व्हिडिओ गेम खेळतात, त्यातली एक दुसऱ्या शाळेत जाते, मग रोज गेममध्येच भेटायचं ठरतं आणि हळूहळू बिनसत जातं अशी गोष्ट. पठ्ठ्याने दोन दिवसात संपवलं आणि आता तिसऱ्यांदा चालू आहे. सासूबाई म्हणतात हे वाचन नव्हेच, चित्रं बघणं आहे, आणि तीही मेल्या गेमची! म्हणजे गेम सुटावा म्हणून पुस्तकाच्या मागे लागले तर पुस्तकातून पण गेमच निघाला.
त्याचा जिवाभावाचा मित्र जूनमध्ये नाशिकला गेला, वडिलांची बदली. तेव्हापासून दोघं दर शनिवारी संध्याकाळी माइनक्राफ्ट या ऑनलाइन गेमवर भेटतात, त्यामुळे हे पुस्तक त्याला का चिकटलंय ते मला कळतं, पण घरात ते सांगणार कोण. तर, हे वाचन धरायचं का? आणि आजी-नातवाने मिळून वाचावं असं मराठीत काही करता येईल का? उपदेश नको, अनुभव असेल तर लिहा.

३० लाइफ:
ताई मी दांडिया बाजारात वाढलो, आमच्या लहानपणी टीव्हीला लावायचा कॅसेटवाला गेम होता आणि त्यात कॉन्ट्रा. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, एवढं पटापट दाबलं की ३० लाइफ मिळायच्या, पाढे चुकायचे पण हे नाही. त्यात तिसरी लेव्हल धबधब्याची, दोघांनी दगडादगडावरून वर चढत जायचं. वरचा जसा चढेल तशी स्क्रीन वर सरकते आणि जो खालच्या दगडावर राहिला तो मेला, गोळी नाही की काही नाही, फक्त मित्र पुढे गेला म्हणून. माझा आतेभाऊ नुसता उड्या मारत सुटायचा. एकदा माझ्या अकरा लाइफ त्या एका धबधब्यात गेल्या, मी रिमोट आपटला आणि आठ दिवस बोललो नाही त्याच्याशी. आत्या विचारायची काय झालं रे, आता तिला काय सांगणार, हा थांबला नाही म्हणून? त्यावर कोणी तेव्हा गोष्ट काढली असती तर मी पण तीनदा वाचली असती.

खडूस बाबा:
मी उलट सांगतो. माझी मुलगी दोन वर्षं फक्त हेच वाचतेय. साधं पुस्तक हातात दिलं की पहिल्या पानावर विचारते, चित्रं कुठायत? तुमचं चालू द्या, पण आजी अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत.

फुगेवाला:
डीटीपी आणि कॉमिकचं लेटरिंग करतो म्हणून दोन शब्द. खडूस बाबांचं खरं असेल पण चित्रकथा वाचायला पण डोकं लागतं, दोन चौकटींच्या मधे जी पांढरी फट असते ना तिथे काय घडलं ते वाचणाऱ्यानेच भरायचं असतं. एका चौकटीत हात दाराच्या कडीवर, पुढच्या चौकटीत रिकामी खोली. कोणी लिहिलंय का तो निघून गेला म्हणून?
मराठीत करायचं तर खरी मारामारी फुग्यात होते, म्हणजे पात्रांचं बोलणं ज्या गोलात लिहितात त्यात. इंग्लिश कॉमिकमध्ये बहुतेक सगळं कॅपिटलमध्ये, ओळीवर ओळ चिकटवली तरी चालतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, ओळी जवळ घेतल्या की वरच्या 'तू'चं शेपूट खालच्या 'मी'च्या वेलांटीत घुसतं. इंग्लिशसाठी काढलेल्या फुग्यात मराठी कोंबलं की अक्षर इतकं बारीक करावं लागतं की आजी चष्मा पुसत बसतील. म्हणून मुलाने स्वतःची दोन पानं काढायची ठरवली तर त्याला सांगा, आधी अक्षरं लिही, मग भोवती फुगा काढ. सगळे आधी फुगा काढतात आणि शेवटचा शब्द उभा लिहितात.

सूरसागर:
विषय निघालाय म्हणून, आपल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीसाठी सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले होते. त्या ग्रंथालय खात्यात चित्रं दाखवायची वेगळी शाखाच होती, मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप, सिनेमा, ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी गावोगाव. तेव्हा सासूबाईंना सांगा, चित्रं बघणं हे सरकारी खात्याचं काम होतं बडोद्यात :) बाकी सेव उसळ खायला कधी बोलावताय?

मांडवीची सून:
सगळ्यांना थँक्यू. सेव उसळ नक्की, तिखट झेपेल ना?
सरकारी खात्याचं ऐकून सासूबाई म्हणाल्या आण इकडे ते पुस्तक. पेपरातला कॉलम वाचतात तसं डावीकडून सरळ खाली वाचत गेल्या, त्यामुळे राक्षस आधी मेला आणि मग हल्ला करायला आला. नातू हसून हसून लोळला, मग बोट धरून शिकवलं, आजी आधी आडवं, मग खाली. इंग्लिश तो वाचायचा आणि मराठीत सांगायचा, त्याचं मराठी पण जरा बाहेर निघालं, 'ती रुसली' हा शब्द त्याला कुठून आठवला देव जाणे.
मधे एक पान आहे, अक्षर नाही एक. हा म्हणाला त्यात काही नाही, उलट पुढे. तीन वेळा असंच उलटलं असणार. सासूबाई उलटू देईनात. स्क्रीनवर चार चेहरे, त्यातला एक फिकट. सासूबाईंनी विचारलं, हिचं चित्र नीट छापलं नाही का रे? तो म्हणाला ती ऑफलाइन आहे आजी. मग ह्या म्हणाल्या, म्हणजे हे तिघं खेळतायत आणि ती कुठे बसलीय? खालच्या चौकटीत नुसता पलंग आणि त्यावर पालथा फोन. दोघं बराच वेळ त्याच पानावर.
वाचन धरायचं का ते अजून ठरलेलं नाहीये हं, कालच म्हणाल्या एखादं धड पुस्तक पण आण. पण काल शनिवार, पावणेआठ वाजून गेले तरी मित्र आला नव्हता, तर ह्या पोळ्या लाटता लाटता आतून विचारतायत, नाशिकवाला फिकटच आहे का रे अजून?