आमच्या काउंटीत १९१२ साली काय झालं, हे पोरांना कुणी सांगायचं?

कमिंगकर:
मंडळी, जरा लांबण लागेल. अटलांटाच्या उत्तरेला फोर्साईथ काउंटीत आम्ही आठ वर्षं राहतोय. इथं घर का घेतलं, तर आसपासच्या मराठी घरांनी घेतलं त्याच कारणानं, शाळांचं रेटिंग बघून. गणपतीत एका संध्याकाळी पाच-पाच घरच्या आरत्या गाठाव्या लागतात, एवढे आपण इथं झालोय.

लेक अकरावीत आहे, यंदा तिला अमेरिकेचा इतिहास आहे. जेवताना सहज विचारलं, तर घडाघडा म्हणून दाखवलं. १६१९ ला व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकन माणसं उतरवली, १८६३ ला लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा, १८६५ ला गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती, १९५४ चा शाळांमधला वंशभेद बेकायदा ठरवणारा ब्राउन निकाल, १९६३ ला मार्टिन लूथर किंगचं भाषण, १९६४ चा नागरी हक्क कायदा. म्हटलं, १८६५ आणि १९५४ च्या मध्ये काय झालं गं? "मध्ये सेग्रिगेशन होतं." (म्हणजे काळ्या-गोऱ्यांना कायद्यानं वेगळं ठेवणं.) नव्वद वर्षं, एक शब्द, पुढची पोळी वाढा.

मग विचारलं, आपल्या या गावात १९१२ ला काय झालं माहितेय? नाही. मैत्रिणींना? नाही. आता माझीही लाज सांगतो. मलाही दोन महिन्यांपूर्वी कळलं, तेही कोर्टाच्या कामासाठी काउंटीच्या मुख्य गावी, कमिंगला गेलो आणि पार्किंग शोधताना त्या घटनेचा फलक दिसला म्हणून.

सप्टेंबर १९१२. मे क्रो नावाच्या १८ वर्षांच्या गोऱ्या मुलीवर हल्ला झाला, पुढे ती वारली. संशयावरून धरलेल्या रॉब एडवर्ड्स या कृष्णवर्णीय माणसाला जमावानं तुरुंगातून ओढून काढून मारलं आणि चौकात लटकवलं. त्याच प्रकरणात अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल या दोन कृष्णवर्णीय पोरांना घाईघाईत खटला चालवून फाशी दिली, बघायला हजारोंची गर्दी. अर्नेस्ट १६ वर्षांचा होता. मग रात्री-अपरात्री टोळ्या फिरल्या, चर्च जाळली, घरांवर गोळ्या झाडल्या. जवळजवळ ११०० कृष्णवर्णीय माणसं काही आठवड्यांत काउंटी सोडून गेली. कुणी जमीन मातीमोल विकली, कुणाची तशीच राहिली आणि कालांतरानं शेजाऱ्याच्या नावावर चढली. पुढची पंचाहत्तर वर्षं इथं कृष्णवर्णीय माणूस जवळपास दिसला नाही. जानेवारी १९८७ मध्ये नागरी हक्क चळवळीतले नेते होझिया विल्यम्स वगैरे छोटा मोर्चा घेऊन आले तर दगड-बाटल्या खाव्या लागल्या. पुढच्याच आठवड्यात वीसेक हजार लोक चालत आले.

१९८७! मी तेव्हा पुण्यात तिसरीत होतो. हे पोरांना शाळेनं सांगायचं, का आम्ही?

जर्सीची_सून:
दादा, लेख आवडला, पण लेकीवर अन्याय करताय. सोळा वर्षांच्या मुलीनं सहा सनावळ्या बरोबर सांगितल्या, वर क्रमही चुकला नाही. तुम्ही अकरावीत असताना महाडचा सत्याग्रह कोणत्या साली, हे सांगू शकला असतात का? माझा नवरा तर रोझा पार्क्सला, बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या बाईला, गायिका समजत होता. मुलांना माहिती आहे, आपल्यालाच नाही. परीक्षा उलटी घ्या.

सडेतोड:
मला हा सगळा प्रकारच पटत नाही. आमच्या आजोबांनी कुणाला विकलं नाही, कुणाला हाकललं नाही. सांगलीहून दोन सुटकेसा घेऊन आलो, सोळा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभा राहिलो, मेहनतीवर घर केलं. आता माझ्या पोरानं १९१२ च्या पापाचं ओझं का वाहायचं? शाळेत इतिहास शिकवा, अपराधगंड शिकवू नका. जॉर्जियानं २०२२ मध्ये 'फूट पाडणाऱ्या संकल्पना' वर्गात शिकवण्यावर कायदा केला तो उगाच नाही.

घाटावरचा_वकील:
सडेतोडराव, ओझं वाहा असं धागाकर्ता म्हणालेलाच नाही, 'माहीत असू दे' एवढंच म्हणालाय. राहता राहिली मेहनत. ती १९५५ साली केली असती तर? भारतीयांसाठी कोटा होता वर्षाला १०० माणसांचा, आणि तोही १९४६ नंतर. त्याआधी १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. ज्यांना आधी मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला लागले. ते कोटे मोडले ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं. त्याच काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, दोनच महिने आधी मतदान हक्क कायदा केला होता. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात सेल्माच्या पुलावर डोकी फुटली नसती, तर माणसाला वंशावरून मोजणं लाजिरवाणं आहे हे वॉशिंग्टनला कधी वाटलं असतं, देव जाणे.

सडेतोड:
हे फार ओढूनताणून आहे. १९६५ च्या कायद्यामागे शीतयुद्ध होतं, रशियाला तोंड दाखवायचं होतं, शिवाय दक्षिण युरोपातल्या लोकांच्या नातेवाइकांचं राजकारण होतं. आपण येऊ हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

घाटावरचा_वकील:
ध्यानीमनी नव्हतं हे मान्य. शीतयुद्धही मान्य. पण रशिया तोंडावर मारत काय होता? लिटल रॉकचे आणि बर्मिंगहॅमचे, कृष्णवर्णीयांच्या छळाचे फोटोच ना?

कृष्णाकाठ:
साताऱ्यातून लिहितोय, अमेरिका फक्त टीव्हीवर पाहिली आहे. पण या विषयाची पाळंमुळं आमच्याकडेही आहेत. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सज्जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). चारच वर्षांनी, १८७७ ला, अमेरिकेच्या दक्षिणेतलं केंद्र सरकारचं उरलंसुरलं सैन्य मागे गेलं आणि कृष्णवर्णीयांना मिळालेले हक्क एकेक करून काढून घेतले गेले. म्हणजे जोतीरावांनी ज्या क्षणाचं कौतुक केलं, तो क्षणच थोडक्यात आटोपला. कमिंगकरांच्या लेकीच्या उत्तरातली नव्वद वर्षं ती हीच.

आणि 'आपल्याकडे गुलाम नव्हतेच' म्हणणाऱ्यांसाठी: पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. मलिक अंबर लहानपणी विकला गेलेला हबशी होता. इंग्रजांनी १८४३ ला गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तो हवेत केला नाही. माझ्या शाळेत यातलं काय शिकवलं? मलिक अंबरची जमीन महसूल पद्धत, पाच गुणांसाठी.

जर्सीची_सून:
कुणबीण म्हणजे मोलकरीण असंच मी आजवर समजत होते. आजीच्या तोंडी शब्द होता.

अर्धी_भाकरी:
नमस्कार. मी १९ वर्षांची आहे, इथेच जन्मले. मराठी आईकडून शिकले, चुकलं तर समजून घ्या.

आम्हाला काही माहीत नाही हे खरं नाही, पण सगळं माहीत आहे हेही खरं नाही. मी एपी यूएस हिस्टरी (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा अमेरिकेचा इतिहास) केली. आमच्या वर्गात निम्म्या मुलांचं उत्तर होतं की यादवी युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं. मग सरांनी जॉर्जियाचं १८६१ चं फुटून निघण्याचं जाहीरपत्र वाचायला दिलं. दुसऱ्याच वाक्यात आफ्रिकन गुलामगिरी आहे. एक पान वाचलं आणि वाद संपला. पण असे सर सगळ्यांना मिळत नाहीत.

अजून एक. आम्हाला किंग शिकवतात, पण क्लॉडेट कॉल्विन कुणी शिकवत नाही. माँटगोमेरीच्या बसमध्ये ती रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी उठायला नाही म्हणाली, तेव्हा ती १५ वर्षांची होती. बर्मिंगहॅमला १९६३ च्या मे महिन्यात रस्त्यावर शाळकरी मुलं होती, त्यांच्यावर कुत्रे सोडले, पाण्याचे पाइप सोडले. हे आमच्या वयाचे लोक आहेत. शाळेत मात्र असं वाटतं की सगळं काही कोट घातलेल्या काकांनी केलं.

आणि खरं बोलू का? मला सगळ्यात कठीण गेलं ते घरी. शाळेत हे वाचून यायचं आणि गाडीत मामा म्हणणार, "त्या साइडला नको जाऊ, तिकडे सगळे काळे आहेत." सडेतोड काका, तुमच्यावर नाही बोलत. पण आमच्यावर ओझं इतिहासाचं नसतं, याचं असतं.

सडेतोड:
बाळा, माझ्यावरच बोललीस, आणि माझी काही हरकत नाही. आमच्या घरीही हे वाक्य निघतं, नाकारत नाही. तरी माझा मुद्दा सोडत नाही. माझ्या मुलाला सातवीत एका शिक्षिकेनं सगळ्या वर्गासमोर विचारलं, "तुझं कुटुंब त्या काळी कोणत्या बाजूला असतं?" बारा वर्षांच्या पोरानं काय सांगायचं? घरी येऊन रडला. असं शिकवू नये, एवढंच म्हणतो.

अर्धी_भाकरी:
हे तर वाईटच केलं त्यांनी. पण काका, तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत?

सडेतोड:
काही नाही. शाळेला ईमेल लिहिली.

घाटावरचा_वकील:
सडेतोडराव, हा प्रतिसाद तुमच्या आधीच्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा मला पटला. वाद मिटला असं मात्र समजू नका. :)

कमिंगकर:
सगळ्यांचे आभार. कालचा वृत्तांत. लेकीला तो फलक दाखवायला नेलं. तिनं वाचला, फोटो काढला, आणि पहिला प्रश्न विचारला, "बाबा, आपलं घर कुणाच्या जमिनीवर आहे?" आमची सबडिव्हिजन (घरांची वसाहत) २००६ ची, त्याआधी तिथं कुरण होतं, एवढंच मला ठाऊक. तिनं कागदपत्रं मागितली आहेत. काउंटीच्या कचेरीत जुने खरेदीखतांचे दस्त बघायला मिळतात म्हणे, सोमवारी रजा टाकतोय.

आणि पुढच्या महिन्यात माँटगोमेरीला जायचं ठरलंय. लिंचिंगचं, म्हणजे जमावानं ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांचं, २०१८ ला उघडलेलं स्मारक तिथं आहे, आठशेवर लोखंडी स्तंभ, एकेका काउंटीचा एकेक, वर छताला टांगलेले. आमच्या काउंटीचा शोधायचा आहे. कुणी गेलंय का? किती वेळ ठेवावा? धाकटा नऊ वर्षांचा आहे, त्याला न्यावं का?

अर्धी_भाकरी:
अख्खा दिवस ठेवा. जवळचं म्युझियम आधी करा, स्मारक नंतर. धाकट्याला स्मारक दाखवा, म्युझियम त्याच्यासाठी थोडं जड आहे, तेव्हा आई-बाबांनी आळीपाळीनं आत जा. आणि अलाबामाचं घड्याळ एक तास मागे असतं, जाताना तास मिळतो पण येताना जातो. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर लवकर निघा.

जर्सीची_सून:
आणि डबा न्या. मोठ्या मुलीला दस्त वाचून काय सापडतं ते इथं लिहायला सांगा, मराठीत नसलं तरी चालेल.