गच्चीवरच्या अ‍ॅक्वापोनिक्सला बायोफिल्टर मीडिया कुठला आणि किती? (पाव ब्रास खडी आणून बसलोय)

गच्चीतला_मळा

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रोडला रो हाऊस आहे, गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्स (माशांच्या टाकीतलं पाणी वाफ्यांत फिरवून त्यावर भाजी वाढवायची, तेच पाणी परत टाकीत) करायचं बरेच दिवस डोक्यात होतं, शेवटी हात घातला. माशांना १००० लिटरची टाकी, त्यात रूपचंद २५ नग सोडणार. खाद्य ते तरंगणारं ३२ टक्के प्रोटीनवालं. मासे २०० ग्रॅमचे झाले की दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाद्य लागेल असा माझा अंदाज. वाफे दोन, ४ बाय ३ फूट आणि एक फूट खोल, बेल सायफनवर (वाफा भरला की पाणी आपोआप खाली सोडणारी नळी).

आता गोंधळ मीडियाचा, म्हणजे बॅक्टेरियाला बसायला वाफ्यात काय भरायचं त्याचा. कुणी म्हणतं क्ले बॉल्सच (भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या) घे, कुणी म्हणतं केवन (K1, प्लास्टिकच्या छोट्या चकत्या) मीडिया घे त्याला सरफेस एरिया जास्त, कुणी म्हणतं साधी खडी पुरते. मी वैतागून पाव ब्रास २० एमएम खडी मागवली, ती आता खाली गेटात पडलीय आणि शेजारचे काका रोज विचारतात बांधकाम काढलं का म्हणून. तर ही खडी अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियाला पुरेल का, की वेगळा बायोफिल्टर (त्याच बॅक्टेरियासाठी मीडिया भरलेला ड्रम) लावावाच लागेल? आणि किती मीडिया लागतो हे काढायचं कसं? पुढच्या रविवारी मासे आणतोय.

डोडक्याचा_वेल

हिशोब अवघड नाहीये, फक्त सुरुवात टाकीच्या लिटरवरून करायची नाही, खाद्यापासून करायची. अमोनिया खाद्यातल्या प्रोटीनमधून येतो, माशांना तो विषारी, बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग झाडांना लागणारं नायट्रेट करतात. १०० ग्रॅम खाद्य गुणिले ०.३२ प्रोटीन गुणिले ०.०९२ (प्रोटीनचा एवढा भाग अमोनिया होतो), झाला दिवसाचा साधारण ३ ग्रॅम अमोनिया. एक चौरस मीटर पृष्ठभागावरचे बॅक्टेरिया दिवसाला किती पचवतात याचे आकडे चांगल्या परिस्थितीत अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येतात, पण घरच्या सेटअपला, त्यात पुण्यातली डिसेंबरची थंडी, मी ०.२ च्या वर धरत नाही. म्हणजे ३ भागिले ०.२, १५ चौरस मीटर पृष्ठभाग हवा. बस.

आता तुमची खडी. २० एमएमचा दगड गोल धरला आणि मधे ४० टक्के पोकळी धरली तर एका घनमीटरला १८० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. खडी ओबडधोबड असते त्यामुळे थोडा जास्तच, पण १८० धरा. तुमचे दोन वाफे मिळून ६८० लिटर म्हणजे १२० चौरस मीटरच्या वर. गरजेच्या आठपट! ८० लिटर खडीत काम भागलं असतं. केवन घेतलंत तर त्याला ५०० धरतात, ३० लिटर पुरेल.

त्यामुळे ‘कुणाचा सरफेस एरिया जास्त’ ही भांडणं वाफेवाल्या सिस्टिमला निरर्थक आहेत. वेगळा बायोफिल्टर लागतो तो थर्माकोलवर रोपं तरंगवणाऱ्यांना किंवा पाइपमध्ये रोपं लावणाऱ्यांना, त्यांच्याकडे बॅक्टेरियाला बसायला जागाच नसते. खडी धुवून टाका आणि सुरू करा.

स्लॅबवाला

थांबा थांबा, धुवू नका आणि वर तर मुळीच चढवू नका. वरच्यांचा हिशोब बरोबर आहे पण तो माशांचा झाला, माझा स्लॅबचा ऐका. सुट्या खडीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर. एक फूट थर म्हणजे चौरस मीटरला ४७० किलो नुसती खडी, वाफा भरला की पोकळीत सव्वाशे किलो पाणी, म्हणजे ६०० किलो. आणि वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक) लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचा भार, धरलाय १.५ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण १५० किलो. चौपट. आणि तुमची १००० लिटरची टाकी मीटरभर जागेत एक टन! घराची पाण्याची टाकी कॉलमवर उचलून बसवतात ती हौस म्हणून नाही.

क्ले बॉल्स घेतले तर कोरडे ४०० किलोच्या आसपास घनमीटरला, म्हणजे एक फुटाला १२० किलो, त्यात पाणी धरलं की तेही १५० च्या पुढेच जातं. थर्माकोलवाल्या पद्धतीत फूटभर पाणी म्हणजे ३००. गच्चीवर खरं हलकं म्हणजे पाइप. बाकी काहीही ठेवायचं तर बीम-कॉलम कुठे आहेत ते ज्याने डिझाइन केलंय त्याला विचारून ठेवा. स्लॅब लगेच पडत नाही हो, आधी खाली वाकतो, मग भेगा, मग पहिल्या पावसात गळती आणि ती कुठून येतेय ते दोन वर्षं सापडत नाही.

नाशिकची_माळीण

दोघांचं खरं, पण तिसरीच गोष्ट राहिली आणि ती मला नडली म्हणून सांगते: गाळ. बॅक्टेरियाला जागा मिळाली म्हणजे झालं नाही, त्यांना हवा लागते, एक ग्रॅम अमोनियाला साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन खातात ते. मीडियात माशांची विष्ठा साचली की सगळा ऑक्सिजन तिच्या कुजण्यातच जातो आणि तुमचे आठपट चौरस मीटर कागदावर राहतात.

मी पहिल्या वर्षी खडीऐवजी विटांचे तुकडे टाकले होते, हलके, भोकं असलेले, फुकटातले. पक्की भाजलेली वीट चालते, माझ्या निम्म्या कच्च्या निघाल्या. चार महिन्यांत तळाला लाल चिखल, सायफनच्या नळीत बोटभर जाड थर, आणि वाफ्याच्या कोपऱ्यात हात घातला तर गटारीचा वास. पालक पिवळा पडला तेव्हा मी लोह कमी म्हणून औषध शोधत होते, खरं दुखणं खाली होतं. सगळं फावड्याने उपसलं.

आता माशांच्या टाकीतून पाणी आधी एका निळ्या ड्रममध्ये जातं, त्यात कांद्याच्या जाळीच्या गोण्या गुंडाळून कोंबल्यात, गाळ तिथे अडतो, दर तीन-चार दिवसांनी गोणी काढून झाडांना धुते. दुसऱ्या ड्रममध्ये भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या, खाली एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड). त्या पाकिटावर सरफेस एरिया कोण छापणार, म्हणून मी हिशोबापेक्षा भरपूर टाकल्यात. स्टीलच्या घेऊ नका, आणि साबण लावलेल्या तर नकोच नको. केवन पण चांगलं, पण नवीन असताना काही आठवडे नुसतं वर तरंगत बसतं, त्याच्यावर थर चढला की मग फिरायला लागतं, आणि ड्रम निम्म्याच्या फार वर भरायचा नाही, नाहीतर फिरणार कुठे. बाटल्यांची झाकणं पण टाकतात लोक, पण पृष्ठभाग फारच कमी मिळतो, पोतंभर गोळा करून पोरं दमतात.

खडीच ठेवणार असाल तर २० एमएमच ठेवा, कच टाकू नका, लहान दगडात पृष्ठभाग जास्त मिळतो आणि लवकर तुंबतो.

गच्चीतला_मळा

बाप रे. बरं झालं विचारलं. स्लॅबवाले दादा, मी तर दोन्ही वाफे जिन्याच्या टोपीशेजारी अगदी मधोमध ठेवणार होतो.

एक शंका, खडीवर व्हिनेगर टाकून बघा असं वाचलेलं म्हणून आत्ता खाली जाऊन टाकलं, काळ्या दगडाला काही नाही पण काही दगडांना पांढऱ्या शिरा आहेत तिथे बारीक फेस येतो. सगळी खडी बाद का?

डोडक्याचा_वेल

नाही हो, आपला दगड काळा बेसॉल्ट, त्याला काही होत नाही, त्याच्या पोकळ्यांत आणि फटींत कुठेकुठे कॅल्साइट भरलेलं असतं, फेस त्याचा. थोडं असेल तर फायद्याचंच. बॅक्टेरिया काम करतात तसा पाण्याचा पीएच खाली येतो, एक ग्रॅम अमोनियामागे सात ग्रॅम अल्कलिनिटी (पीएच घसरू न देणारा पाण्यातला साठा) जाते, म्हणजे तुमच्याकडे रोजची २१ ग्रॅम. झाडं नायट्रेट घेताना थोडी परत देतात पण सगळी नाही. धरणाचं पाणी बोअरच्या मानाने मऊ, त्यामुळे पीएच हळूहळू घसरेलच, सहाच्या खाली गेला की बॅक्टेरिया सुस्त. शिंपल्या कापडी पिशवीत बांधून टाकीत लटकवा, पीएच वर आला की काढता येतात. चुना टाकायचा मोह झाला तर चिमटीनेच, पीएच एकदम चढला की आहे तोच अमोनिया विषारी होतो. पांढरेच्या पांढरे दगड तेवढे वेचून काढा.

नाशिकची_माळीण

आणि रविवारी मासे आणू नका!! नवीन मीडियावर बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे जातात, थंडीत जास्त. नळाचं पाणी एक दिवस एअर स्टोन लावून ठेवा क्लोरीन जायला, मग थोडा अमोनिया घालून पाणी फिरवत ठेवा आणि टेस्ट किटवर बघा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याला टेकले आणि नायट्रेट दिसायला लागला की मगच मासे, तेही सगळे एकदम नाही. ओळखीत कुणाची चालू सिस्टिम असेल तर बादलीभर मुरलेली खडी मागून आणा, ओली ठेवून, न धुता, आणि आपल्या खडीत मिसळा. विरजण लावतो तसंच आहे ते. फक्त ज्याच्याकडून आणाल त्याचे मासे आजारी नाहीत ना ते बघा.

स्लॅबवाला

एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. आमच्याकडे एका रात्री वीज गेली, सकाळी मासे पण गेले आणि बॅक्टेरिया पण.

गच्चीतला_मळा

ठरलं मग. टाकी, गाळाचा ड्रम आणि खडीचा एकच वाफा मागच्या अंगणात जमिनीवर, तिथे सकाळी अकरापर्यंत ऊन असतं, पालेभाजीला चालेल. एका वाफ्यात ३४० लिटर खडी म्हणजे ६० चौरस मीटर, १५ च्या चौपट, वेगळा बायोफिल्टर नको. कंपाउंडच्या भिंतीला पाइप नंतर लावेन. मासेवाल्याला फोन करून पुढच्या महिन्यावर ढकललं, तो म्हणाला तोपर्यंत पिल्लं मोठी होतील, भाव वाढेल.

उरलेली निम्मी खडी शेजारच्या काकांना हवीय, त्यांच्या गेटासमोर पावसात चिखल होतो म्हणे. मुरलेली खडी कोथरूड, वारजे बाजूला कुणाकडे असेल तर सांगा, बादली घेऊन येतो.