डॉकखाली रबरी अळी आतपर्यंत जात नाही (लेक नॉर्मन, एप्रिलचा बास)

खाडीकाठचा
मुक्काम शार्लट, नॉर्थ कॅरोलायना. गाव राजापूरकडचं, त्यामुळे गरवायला लहानपणापासून येतं. पण तिकडे शिसं लावून गरी तळाला सोडायची नि दोरा बोटावर धरून बसायचं, एवढंच. इथे नॉर्मन तळ्यावर बास मासा डॉकच्या, म्हणजे बोटी बांधायच्या लाकडी धक्क्याच्या, पोटात सावलीला बसतो आणि फळ्या पाण्यापासून जेमतेम दीड-दोन फूट वर. चपटा दगड टप्पे घेत जातो तशी इथले लोक रबरी अळी आडव्या हाताने पार मागच्या खांबापर्यंत पोचवतात. माझी पहिल्या टप्प्यालाच बुडते, नाहीतर उसळून फळीवर आपटते. कयाकवरून टाकतो. साडेसहा फुटी स्पिनिंग रॉड, दहा पौंडी ब्रेड (विणलेला दोरा), पाच इंची सेन्को (रबरी अळी) मधोमध टोचलेला, म्हणजे वॅकी. कुठे अडतंय? आणि एवढ्या डॉकांतून नेमके कोणते धरायचे?

हंटर्सव्हिलकर
रॉड राहू दे, जोडणी बदल. वॅकीत अळी हवेत दुमडते आणि दोन्ही टोकं पाण्याला अडतात. सराईताची जाते, पण शिकायला ती नको. तीच अळी बिनशिशाची, टेक्सस पद्धतीने ४/० नंबरच्या ऑफसेट (मानेशी वाकवलेल्या) गळात सरळ बसव आणि गळाचं टोक रबरात जेमतेम लपव. त्याहून सोपं म्हणजे फ्लूक, माशाच्या आकाराचं रबरी आमिष. अंगाने चपटं असतं, घसरत जातं. बसवल्यावर कयाकच्या कडेला पाण्यातून एकदा ओढून बघ. जरा वाकडं बसलं असेल तर गिरक्या घेतं आणि संध्याकाळपर्यंत दोऱ्याला पीळच पीळ.

आता हात. रॉडच्या टोकाखाली आमिष वीतभरच लोंबू दे. टोक पाण्यालगत, जोर मनगटाचा, आणि सोडताना रॉड झटक्यात थांबव. फळीवर आपटतं म्हणजे तू डॉकच्या तोंडावर नेम धरतोयस. नेम अलीकडच्या पाण्यावर धर, पहिला टप्पा डॉकच्या तीन-चार फूट आधी पडायला हवा. कयाकवर तू मुळातच पाण्याच्या बरोबरीला बसलेला असतोस, मोठ्या बोटीवरच्या माणसाला हा कोन मिळवायला वाकावं लागतं.

आत गेलं की लगेच गुंडाळायला लागू नकोस. बेल, म्हणजे रीळवरची तारेची कडी, हाताने पाड, दोरा सैल ठेव, अळी आपल्या आपण थरथरत बुडू दे. बहुतेक वेळा घास तेव्हाच घेतला जातो आणि हाताला काही कळत नाही. पाण्यावर पडलेला दोरा बाजूला सरकायला लागतो, नाहीतर बुडता बुडता मधेच थांबतो. तेवढंच दिसतं. मग मात्र खेळवत बसायचं नाही, आत खांब आहेत, तरंगत्या डॉकना केबल असतात. आधी उघड्यावर ओढ, कौतुक नंतर. ब्रेडच्या पुढे वावभर बारा पौंडी फ्लुरोकार्बनचा एकसंध दोरा जोड, लाकडाला घासून ब्रेड पटकन जातो.

ऑस्टिनचा_अण्णा
हे सगळं बेटकास्टरवर (रॉडच्या वर बसणाऱ्या, फिरत्या स्पूलच्या रीळवर) जास्त छान जमतं. जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) लाव, मागे रबरी चंक (जाड तुकडा) लाव, डॉक कितीही बुटका असू दे.

हंटर्सव्हिलकर
अण्णा, त्याला मासे धरायचेत, गुंता सोडवायचा नाहीये. टप्प्याला आमिषाचा वेग पडतो, स्पूल मात्र फिरतच राहतो. अंगठा बसेपर्यंत अर्धा सीझन संपेल.

मूरस्व्हिलची_मामी
कोणते डॉक ते मी सांगते. तळ्याच्या किनाऱ्याची लांबी पाचशे मैलांच्या वर आहे, एकेक करत बसलास तर म्हातारा होशील. पाणी साठ फॅरनहाइटच्या वर जायला लागलं आणि डॉगवूडचं झाड फुललं की लार्जमाउथ (मोठ्या तोंडाचा बास) उथळात घरटी करायला येतो. मार्चमध्ये फाट्याच्या, म्हणजे तळ्यातून आत शिरलेल्या चिंचोळ्या पाण्याच्या, तोंडाजवळचे डॉक, मग जसजसं पाणी तापेल तसतसं आत आत. माझा भर फाट्याच्या पोटातल्या अशा डॉकांवर, जिथे शेजारी वाळूचा किंवा बारीक खडीचा उथळ तळ आहे आणि दुपारभर ऊन लागतं. मॅकग्वायर अणुवीज केंद्राकडून गरम पाणी सुटतं, तेव्हा तिथला आकडा बघून बाकीच्या तळ्याचा हिशोब करू नकोस.

आणखी एक. नॉर्मनवर आता अलाबामा बास या दुसऱ्या जातीचं राज्य आहे. लोकांनी बेकायदा आणून सोडला आणि लार्जमाउथला मागे सारलं. तो हेरिंग या लहान माशांच्या मागे उघड्या, खोल पाण्यातही फिरतो. म्हणून अगदी आतल्या, उथळ डॉकखालून जाड जबड्याचा लार्जमाउथ आला की आमच्याकडे फोटो होतो. घरट्यावरचा नर असेल तर फोटो झटपट काढ आणि जिथे धरला तिथेच सोड. तो बाजूला झाला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात.

खाडीकाठचा
मामी, काका, धन्यवाद. फ्लूक आणतो. एक विचारायचं राहिलं, डॉक तर लोकांचे खासगी. कुणी ओरडत नाही ना?

मूरस्व्हिलची_मामी
पाणी सगळ्यांचं, लाकूड त्यांचं. बांधलेली बोट असेल तर तिच्या कव्हरच्या दिशेने टाकू नकोस, गळाने कापड फाटलं की भांडण ठरलेलं. मालक कॉफी घेऊन डॉकवर बसला असेल तर हात करायचा आणि पुढचा डॉक धरायचा. गळ दोरखंडात अडकला तर दोरा तोड, वर चढू नकोस. लायसन्स काढलंयस ना? सोळा वर्षांपासून पुढे सगळ्यांना लागतं.

हंटर्सव्हिलकर
आणि ज्या डॉकवर रॉड ठेवायच्या नळ्या नि पाण्याकडे वळवलेले दिवे दिसतील, तिथे दोन टप्पे जास्त टाक. असा मालक स्वतः गरवणारा असतो, खाली बहुतेक झाडाच्या फांद्या बुडवून ठेवलेल्या असतात.