नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य : आपले अनुभव लिहावेत

गोदाकाठ
काल द्राक्षांच्या खोक्यावर ‘चापडगाव, ता. निफाड’ असा पत्ता वाचला आणि तिथलीच वीसेक वर्षांपूर्वीची जानेवारीतली एक पहाट आठवली. नाशिकहून अंधारातच निघालो होतो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर धुके इतके दाट होते, की समोर पाणी आहे हे केवळ पक्ष्यांच्या आवाजावरून कळत होते. ऊन वर आल्यावर, ज्याला मी गाळाचा उंचवटा समजत होतो, तोच हळूहळू सरकू लागला. ते शेकडो वारकरी पक्षी होते.

मुक्काम नाशिक
सासूबाईंना मी मनोऱ्यावरून ‘ते बघा वारकरी’ असे दाखवले, तर त्यांनी आधी हातच जोडले. दुर्बिणीतून काळे अंग आणि कपाळावरचा गंधासारखा पांढरा टिळा पाहिल्यावर मात्र नाव ठेवणाऱ्याचे त्यांनी तोंडभरून कौतुक केले.

हळदीकुंकू
माझे सदस्यनाम तिथल्याच बदकावरून घेतले आहे. काळ्या चोचीचे टोक हळदीत बुडवल्यासारखे पिवळे आणि चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. थापट्या आणि तलवार बदके हिवाळ्यापुरतीच येतात, हे मात्र बारमाही आपल्याकडेच राहते, तरीही छायाचित्रकार त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, याचा मला राग येतो.

कादवाकाठचा
आम्हा गावकऱ्यांच्या लेखी ते ‘धरण’च. ब्रिटिश अमदानीतल्या त्या दगडी बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, पाणी उथळ झाले, बेटे आणि पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांची सोय झाली. 1986 साली अभयारण्य झाले आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तेव्हा कुठे आमच्या गाळाला प्रतिष्ठा आली. येण्यापूर्वी आवर्तन (वरच्या धरणांतून सोडलेले पाणी) सुटले आहे का, एवढे गावात विचारून घ्यावे, कारण पाणी चढले की चिखलात चरणारे शेकाटे दूर जातात.

पहिलटकर
आम्ही मे महिन्यात गेलो होतो. एक टिटवी आमच्यावर सतत ओरडत राहिली. तिची अंडी जवळपास असणार, हे परतताना लक्षात आले आणि ओशाळल्यासारखे झाले.

गोदाकाठ
@पहिलटकर, आता डिसेंबरात जा, लडाख-तिबेटकडचे चक्रवाकही भेटतील. @मुक्काम नाशिक, सासूबाईंना पुन्हा नेलेत का?

मुक्काम नाशिक
दिवाळी झाली की ‘वारीला कधी निघायचे?’ असे त्याच विचारतात.